वेटसूट थोडा ढिला करून मिळेल का?

नाशिक रोडला कपडा विकत घेतला म्हणजे खरेदी निम्मीच झाली. उरलेली निम्मी शिंप्याकडे होते. बिटको चौकातून जेल रोडकडे निघा की मुक्तिधामकडे, दोन मोबाइलच्या दुकानांमधल्या फटीत मशीन टाकून बसलेला एक माणूस आणि त्याच्या डोक्यावर ‘येथे सर्व प्रकारचे अल्टर करून मिळेल’ ही पाटी दिसणारच. जीन्स चार बोटं आखूड, ब्लाउजचा मुंढा सैल, थोरल्याचा शर्ट धाकट्याला, लग्नातला कोट पंचविसाव्या वाढदिवसाला, सगळं इथे होतं. कॅम्पातल्या जवानाची नवी वर्दीसुद्धा परेडआधी अंगाबरोबर होऊन जाते. अशा या गावात गेल्या काही वर्षांत एक काळा, रबरी, नखशिखान्त चिकटणारा कपडा येऊन दाखल झाला आहे. त्याचा मालक तो पिशवीतून काढून काउंटरवर ठेवतो आणि आवाज शक्य तितका सहज ठेवून विचारतो, “मास्टर, हा जरा ढिला करून मिळेल का?” मास्टर तो उलटा करतात, सुलटा करतात, प्रकाशात धरतात आणि विचारतात, “काका, यात माया कुठंय?” आमचं म्हणणं असं, की या दोघांत मास्टरांचा प्रश्न शहाणपणाचा आहे आणि काकांचा मुळातच चुकलेला आहे. वेटसूट काचतो तेव्हा शंभरातल्या बहुतेक वेळा तो अल्टर करण्याची गरजच नसते. पण हे पटवण्यासाठी पुरावा द्यावा लागेल, कारण नाशिक रोडकर पुराव्याशिवाय रिक्षाचं भाडंही देत नाही.

आधी हा कपडा इथे आला कसा, ते पाहू. नाशिकला व्यायामाचं वेड जुनंच, पण त्याला परदेशवारीची फोडणी बसली ती गेल्या दशकात. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अख्खी अमेरिका आडवी कापणारी सायकल शर्यत दोघांच्या गटात पुरी केली. त्याच वर्षी मिलिंद सोमण पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकला पोहणं-सायकल-धावणं अशी तिहेरी शर्यत पुरी करून आयर्नमॅन झाले. २०१८ मध्ये तर नाशिकचे तेव्हाचे पोलीस आयुक्त डॉ. रवींद्र सिंगल हेच फ्रान्सला जाऊन आयर्नमॅन होऊन आले. खुद्द पोलीस आयुक्त ३.८ किलोमीटर पोहून, मग १८० किलोमीटर सायकल मारून, वर ४२.२ किलोमीटर धावतात म्हटल्यावर कॉलनीतल्या माणसाला घरी बसायला सबब उरली नाही. सायकल होतीच, धावायला रस्ते होतेच (खड्डे चुकवण्याचा व्यायाम त्यात फुकट), पोहायला राजमाता जिजाऊ तरण तलाव होता. अडलं ते कपड्यावर. युरोपातल्या तळ्यांचं पाणी आपल्या माठातल्या पाण्याशी स्पर्धा करतं. स्पर्धेचा नियम असा, की पाणी २४.५ अंशांपर्यंत असेल तर हौशी स्पर्धकाला वेटसूट चालतो आणि १६ अंशांच्या खाली गेलं तर तो सक्तीचाच. जाडी मात्र ५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. ५ मिलिमीटर हा आकडा कागदावर अगदी किरकोळ दिसतो. तो कमरेवर चढवायला घेतला की त्याचं खरं माप कळतं.

आता हा कपडा इतका घट्ट का, याचं उत्तर त्याच्या जन्मातच आहे. वेटसूटचा विचार पुढे आणला तो ह्यू ब्रॅडनर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला. हा गृहस्थ त्याआधी अणुबाँबच्या प्रकल्पावर काम करून आलेला. एवढा दाब हाताळलेला माणूस पोहण्याच्या कपड्याकडे वळला, तेव्हाच पुढच्या पिढ्यांच्या पोटाचं भवितव्य ठरलं. तोवर सगळ्यांची धडपड पाणबुड्याला कोरडं कसं ठेवायचं याची. ब्रॅडनरच्या लक्षात आलं, की कोरडं ठेवायची गरजच नाही. गरम ठेवलं म्हणजे झालं. ऊब धरून ठेवतात ते निओप्रीन या कृत्रिम रबरात अडकलेले वायूचे बारीक बुडबुडे. अंग आणि रबर यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर शिरतो, अंगाच्या उष्णतेने तो कोमट होतो आणि तिथेच राहतो. घरच्यांना हे समजावताना जो संवाद घडतो तो साधारण असा: “म्हणजे आत पाणी शिरतं?” “शिरतं.” “मग एवढे पैसे कशाला दिले?” “ते बाहेर जात नाही म्हणून.” ही गोष्ट सगळ्या वादाचं मूळ आहे. सूट ढिला असला की मानेकडून गार पाणी येतं, पायाकडून कोमट पाणी जातं, आणि पोहणारा बिचारा अख्खं तळं तापवायचं कंत्राट घेतल्यासारखा दमतो. शिवाय पोटापाशी साठलेलं पाणी ओढत न्यावं लागतं ते वेगळंच. म्हणजे वेटसूट ढिला करणं आणि वेटसूट न घालणं यात फरक एवढाच, की दुसऱ्यात पैसे वाचतात.

आता मास्टरांच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्याकडचा शिवलेला कपडा शिवणीत बोटभर माया ठेवूनच जन्माला येतो. पोरगं वाढणार, बाई बाळंतीण होणार, पुरुष बँकेत लागणार, हे शिंपी आधीच धरून चालतो. उसवलं, टीप सरकवली, संपलं. वेटसूटमध्ये ही सोयच नाही. त्याचे तुकडे एकावर एक येत नाहीत. कडेला कड भिडवून चिकटवलेले असतात, आणि वरून जी टीप असते ती रबराच्या निम्म्या जाडीतच शिरून परत येते, आरपार जात नाही. कारण सुई आरपार गेली की प्रत्येक टाका म्हणजे एक भोक आणि प्रत्येक भोक म्हणजे एक नळ. साध्या मशीनवर हा कपडा घातला की पहिल्यांदा मशीनचा पाय रबराला चिकटतो, मग टाके सुटतात, मग मास्टर चष्मा कपाळावर नेतात. खरं तर या कामाला शिंप्यापेक्षा पंक्चरवाला जवळचा. काप गेलेल्या दोन्ही कडांना निओप्रीनचं सोल्यूशन पातळ लावायचं, वाळू द्यायचं, वर दुसरा हात द्यायचा, आणि बोटाला चिकटेनासं झालं की कड कडेला नेमकी भिडवून दाबायची. पहिल्या दाबाला वाकडं बसलं तर वाकडंच राहतं, तिथे ‘थोडं सरकवतो’ चालत नाही. त्यावर अर्ध्या जाडीतले टाके घालायला रफूवाल्याचा हात हवा. तेव्हा वेटसूट खरोखर अल्टर करायचा तर एका बाकावर पंक्चरवाला आणि रफूवाला शेजारी बसवावे लागतील. ते बसतील, पण त्यांच्यात आधी कोणाचं काम यावरून जे होईल ते मिटेपर्यंत स्पर्धा उरकलेली असेल.

इथे पहिला आक्षेप येतो. “सूट घेतला तेव्हा बरोबर बसत होता. आता आटलाय.” वेटसूट आटला, ही नाशिक रोडच्या क्रीडाविश्वातली सगळ्यात लोकप्रिय तक्रार आहे. तीत थोडं तथ्य आहे, हे आधी कबूल करायला हवं. जुनं निओप्रीन कडक होतं, पूर्वीइतकं ताणलं जात नाही, आणि मे महिन्यात पत्र्याच्या माळ्यावर ठेवलं तर जरा लवकरच. पण सूट माळ्यावर असताना मालक कुठे होता, हेही विचारायला हवं. वेटसूट वर्षातून एकदा बाहेर निघतो. जवळची आयर्नमॅन शर्यत गोव्याची. ती २०१९ मध्ये सुरू झाली, पण तिथला समुद्र इतका कोमट, की वेटसूटचं कामच पडत नाही. महापालिकेच्या तलावात तो घालून उतरलात तर शेजारच्या लेनमधली पोरं पोहणं सोडून बघत राहतात. त्यामुळे सूट माळ्यावर आणि मालक सरावाला. नाशिकमधला सराव म्हणजे रविवारी पहाटे पाचला सायकल काढायची, चाळीस किलोमीटर हाणायची आणि मिसळीच्या दुकानासमोर उतरायची. तिथे मिसळ येते, जादा तर्री येते, ‘एवढी सायकल मारलीय’ या एका वाक्यावर जादा पाव येतात, आणि गुळाची जिलेबी ही मिसळीचाच भाग धरली जाते. वर्षाला बावन्न रविवार. बावन्न रविवारांनंतर अंधारात बंद पेटीत पडून राहिलेला सूट आटला आणि उजेडात मिसळ खाणारा माणूस होता तेवढाच राहिला, असं मानायचं असेल तर भौतिकशास्त्र नव्याने लिहावं लागेल, आणि ब्रॅडनर आता हयात नाही.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. “चूक सूटची नाही, साइजच्या तक्त्याची आहे. तो तक्ता गोऱ्यांच्या अंगाचा.” हे मान्य. उंची, वजन, छाती असे रकाने असतात आणि त्या रकान्यांत जो माणूस बसतो त्याचे पाय लांब, पोट सपाट आणि खांदे दरवाजाएवढे असतात. आपला साडेपाच फुटी, ब्याऐंशी किलोचा गडी उंचीच्या रकान्यात मीडियम निघतो आणि वजनाच्या रकान्यात एक्स्ट्रा लार्ज. उंचीप्रमाणे घेतला तर चेन मिटत नाही, वजनाप्रमाणे घेतला तर पाय घोट्याखाली वीतभर लोंबतात. पण या आक्षेपाला एक छोटीशी भानगड चिकटलेली आहे. तक्त्यात भरलेलं वजन बहुतेक वेळा आजचं नसतं. ते कॉलेजातलं तरी असतं, किंवा दिवाळीनंतर व्हायचं ठरलेलं तरी. कमरेचा घेर विचारला तर पँटच्या पट्ट्यावरचा आकडा दिला जातो, आणि पट्टा पोटाखालून जातो हे सोयीस्कर विसरलं जातं. “ऐंशीच्या पुढे कशाला लिहायचं, स्पर्धेपर्यंत उतरेलच की,” असं म्हणून जो सूट मागवला जातो, तो पुढच्या वर्षीच्या माणसासाठी मागवलेला असतो. तो माणूस पार्सल घ्यायला कधीच येत नाही.

आता मुख्य पुरावा. जे खरोखर आपल्या मापाचा सूट घेतात तेही तक्रार करतात, “खांदे धरले, हात वर होत नाही, मुंढा मोठा करा.” इथे दहातल्या नऊ वेळा खांद्याचा काही दोष नसतो, दोष मांड्यांच्या सांध्यापाशी असतो. सूट वर ओढताना माणूस गुडघ्यापर्यंत जोर लावतो, मांडीपाशी दमतो आणि तिथेच तह करतो. खालचा सांधा दोन-तीन बोटं खाली लोंबत राहतो. मग वरचा सगळा सूट तेवढाच खाली ओढला जातो, आणि प्रत्येक हात मारताना खांदा खालच्या त्या तीन बोटांशी रस्सीखेच खेळतो. उपाय सोपा आहे आणि तो कात्रीविना होतो. खुर्चीवर बसायचं, घोट्यापासून सुरुवात करायची, बोटांच्या पेरांनी चिमटी-चिमटीने रबर वर सरकवायचं, आणि सांधा पुरता वर बसल्याशिवाय हात बाहीत घालायचा नाही. नखाने ओढलं तर नेमका चंद्रकोरीसारखा काप जातो, म्हणून आधी नखं कापायची. घरात कोणी विचारलं, “आज शनिवार असून नखं कापताय?” तर निओप्रीनला वार नसतो, असं सांगावं. पायावरून रबर सरकावं म्हणून जाणकार पाऊल प्लास्टिकच्या पिशवीत घालून मग पाय आत घालतात. महाराष्ट्रात २०१८ पासून तसल्या पिशव्यांवर बंदी आहे. त्यामुळे भाजीवाल्याकडे “एक पातळ पिशवी द्या, पायात घालायचीय,” म्हटलं की तो आधी आपल्याकडे आणि मग पायाकडे बघतो. कापडी पिशवी वापरून पाहणारेही आहेत. ती सरकत नाही, सूटही सरकत नाही, आणि ‘पर्यावरण वाचवा’ ही अक्षरं घोट्यापाशी अडकून बसतात.

एवढं करूनही चेन उरते. ती पाठीवर असते, तिला लांब दोरी असते, आणि ती दोरी एकट्याने ओढता येते असं पुस्तिकेत छापलेलं असतं. प्रत्यक्षात दोरी सौभाग्यवतींच्या हातात जाते. “श्वास आत घ्या.” “घेतलाय.” “मग हे काय आहे?” या प्रश्नाला आजवर कोणत्याही आयर्नमॅनने उत्तर दिलेलं नाही. काही जण पहिल्याच वेळी अख्खा सूट उलटा, म्हणजे चेन पुढे घेऊन चढवतात. शर्टाची बटणं पुढे असतात मग चेन मागे कशी, असा त्यांचा रास्त सवाल असतो. तो सवाल पडतो तेव्हा ते कमरेपर्यंत बंद झालेले असतात आणि पंख्याचा वेग पाचावर असतो. मानेला काचतं म्हणून आजी खोबरेल तेल पुढे करते, पोरगा पेट्रोलियम जेलीची डबी आणतो. बनवणारे सांगतात, की पेट्रोलियमचं काहीही निओप्रीनपासून लांब ठेवा, काचण्यावर त्याच कामाचं वंगण मिळतं तेच लावा. पण हे वाचायला पुस्तिका हवी, आणि पुस्तिका खोक्याबरोबर रद्दीवाल्याकडे गेलेली असते.

तिसरा आक्षेप गोदाकाठचा आहे, म्हणून त्याला मान देऊनच उत्तर द्यायला हवं. “सिंहस्थात लाखो माणसं गोदावरीत उतरतात. कोणी रबरी कपडे घालतं का?” नाही घालत. पण बुडी मारायला काही क्षण लागतात आणि लगेच टॉवेल मिळतो. आयर्नमॅनमध्ये पोहायला दोन तास वीस मिनिटांपर्यंत मुदत असते, आणि बाहेर आल्यावर टॉवेलऐवजी सायकल मिळते. “मग आपला पुण्याचा रोहन मोरे? सातही खाड्या पोहला, वेटसूट कुठे होता?” हेही खरं. २०१८ मध्ये त्याने ‘ओशन्स सेव्हन’ पुरे केले, आणि अशा पोहण्याच्या नियमांत वेटसूट बसतच नाही. साधा पोहण्याचा पोशाख, टोपी, चष्मा, संपलं. पण ते लोक गार पाण्याची सवय वर्षानुवर्षं लावून घेतात, आणि त्यांच्यातले कित्येक अंगावर चरबीचा थर मुद्दाम राखून ठेवतात. हे ऐकताच श्रोत्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद फुलतो तो बघण्यासारखा असतो. म्हणजे आपल्याकडे अंगचाच वेटसूट होता आणि आपण उगीच वर दुसरा चढवत होतो. हा युक्तिवाद मिसळीच्या दुकानात तीन वाजेपर्यंत टिकतो. तळ्याच्या काठावर तो पहिल्या पावलाला संपतो, कारण चरबीबरोबर ती सवयही लागते.

चौथा आक्षेप स्वभावाचा. “न बदलणारी वस्तू आपल्याला झेपत नाही. थोडं इकडे, थोडं तिकडे करूनच इथे संसार होतात.” त्याला उत्तर म्हणून परगावी जायला नको. १९२८ पासून आपल्याच नाशिक रोडला करन्सी नोट प्रेस आहे. तिथे दाब, माया, ‘एवढंसं सरकवा’ यांतलं काही चालत नाही. नोटेचं माप ठरलं की ठरलं, त्यात न बसणारी नोट बाद. २०१६ च्या नोव्हेंबरात नवी पाचशेची नोट आली, तेव्हा तिचं माप १५० बाय ६६ मिलिमीटर होतं. जुनी चांगली लांबरुंद होती, १६७ बाय ७३. नवी नोट एटीएमच्या खणात बसेना. तेव्हा कोणी म्हटलं नाही, की नोट जरा रुंद करून मिळेल का. देशभरातली दोन लाखांवर एटीएम एकेक करून उघडली, त्यांचे खण बदलले, आणि तोवर आपण सगळे रांगेत उभे राहिलो. अख्ख्या देशाला एका कागदाच्या मापाशी जुळवून घ्यायला लावणाऱ्या गावातल्या माणसाने एका रबरी सूटपुढे ‘आमच्या स्वभावात नाही’ म्हणावं, हे पटणारं नाही.

याचा अर्थ कात्री कधीच लावायची नाही असा नव्हे. पाय घोट्याखाली लोंबत असतील तर खालून दोन-तीन बोटं सरळ कापायला बहुतेक उत्पादकांची हरकत नसते. ट्रायथलॉनवाले तर सायकलकडे पळताना सूट पटकन निघावा म्हणून मुद्दाम कापतात, आणि निओप्रीनची कड उसवत नाही, त्यामुळे दुमडून शिवायचीही गरज नाही. सूट वर ओढून, दोन-चारदा पाण्यात घालूनही काखेत खरंच जीव जात असेल, तर तिथे पातळ निओप्रीनचा तुकडा बसवता येतो, मात्र चिकटवून, अर्ध्या जाडीच्या टाक्याने, आणि हे काम आधी केलेल्या माणसाकडूनच. चेनजवळचा आणि मानेचा भाग मात्र हात न लावता सोडावा, तिथे चुकलं तर सूट गेला. आणि यांतलं काहीच लागू पडत नसेल, तर तो सूट कॉलनीतल्या एखाद्या सडपातळ पोराला निम्म्या किमतीत द्यावा आणि आपल्या मापाचा नवा घ्यावा. ही अल्टरेशनची सगळ्यात स्वस्त पद्धत आहे. मात्र नवा मागवताना एक करा. तक्त्यात वजन आजचं लिहा, आणि तेही काट्यावर उभं राहून बघितलेलं. तो आकडा कंपनीकडेच जातो, मिसळीच्या दुकानात कोणाला कळत नाही.